हळद्या मिस्त्रींचा पाण्यातला डोंगर

हळद्या मिस्त्रींच्या उजव्या हाताची तर्जनी बारा महिने पिवळी असायची. नवरदेवाची हळद चार दिवसांत उतरते, मिस्त्रींची कधी उतरली नाही. उदगिरात नवा आलेला माणूस ते बोट बघून हमखास विचारायचा, "काय मिस्त्री, घरात लगीन हाय काय?" आणि मिस्त्री न चुकता म्हणायचे, "हाव, चुन्याचं लगीन हाय. या जेवायला." त्यांचं खरं नाव बसलिंगप्पा. दोन वर्षं त्यांच्याच घरात भाड्याच्या खोलीत राहूनही मला ते ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी अर्जी लिहायला बसलो तेव्हा विचारावं लागलं.

मी तेव्हा निजामाच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. मराठी पोरांना उर्दूतून सायन्स शिकवायचो. वय तेवीस, म्हणजे सगळं काही कळण्याचं वय. मिस्त्री पन्नाशीचे, गवंडी, त्यातही चुन्याच्या कामातले पटाईत. पाण्याचे हौद आणि कारंजी बांधावीत ती त्यांनीच. हौद बांधून झाला की ते पाण्याने भरायचे, दुसऱ्या दिवशी ते पाणी ओतून द्यायचे, पुन्हा भरायचे. असं एकवीस वेळा. याला ते 'एकवीस पाणी देणं' म्हणत. मग काकू, म्हणजे त्यांची बायको, जुन्या धोतराची चिंधी हळदीत भिजवून वाळवून देत, ती पट्टी मिस्त्री रात्रभर पाण्यात सोडत. सकाळी पट्टी लाल झाली असेल तर चुना अजून जिवंत. पिवळीच राहिली तर चुना मेला, पाणी प्यायला हरकत नाही.

आपल्या बायका हळदीला चुना लावून कुंकू करत आल्या, तीच ही गोष्ट. पण मी एकदा त्यांना क्षार म्हणजे काय, आम्ल म्हणजे काय, हे समजावून सांगायला बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काकूंना हाक मारली, "आगं ऐकलीस का, तू हळद भिजवतीस ते मास्तरच्या पुस्तकात आलं बग." काकू चुलीपुढून म्हणाल्या, "उशिराच आलं म्हणायचं."

घाईचा माणूस दिसला की मिस्त्रींच्या तोंडी एकच म्हण यायची, "पी हळद अन् हो गोरी." मोंढ्यातल्या एका आडत्याने घरच्या लग्नासाठी हौद बांधून घेतला आणि आठव्या पाण्यालाच वापरायला काढला. मिस्त्रींनी हात जोडून सांगितलं, तरी ऐकलं नाही. लग्नात वऱ्हाड्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची तोंडं आली. वरपक्षाने जिलबीला हात लावला नाही, कारण जिभेला काही लागतच नव्हतं. आडत्या भांडायला आला तेव्हा मिस्त्रींनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि शांतपणे विचारलं, "शेट, मी तुमाला किती सांगितले व्हते? एकवीस. तुमी किती मोजले?" आडत्या पाणी पिऊन निघून गेला.

त्यांची दुसरी कला म्हणजे डोंगर. महालक्ष्म्यांच्या आराशीत, देवळाच्या कोनाड्यात, श्रीमंतांच्या बागेतल्या कारंज्याखाली ते असे डोंगर रचत की माणूस जवळ जाऊन बोटाने टोकरून बघे. त्यासाठी ते किल्ल्यामागच्या दरीत उतरून एखाद्या कड्यासमोर तासन्‌तास बसत. हातात काही नाही, कागद नाही, नुसते बघत. मी हटकलं तर म्हणाले, "दगड पाठ करून राहिलो, मास्तर. तुमचे पाढे हायत तसं. पाठ झाल्याबिगर हात लावला तर दगड न्हाई व्हत, ढेकळ व्हतंय."

असल्या माणसाच्या पोटी नागनाथ जन्मला, हे एक नवलच होतं. एकुलता एक, वीस-बावीस वर्षांचा, बापाच्या हाताखाली तयार झालेला, पण पायाला भिंगरी. भिंत अर्धी टाकून सभेला जायचा. अंगात खादीचा सदरा, गोणपाटासारखा जाड. संस्थानात सत्याग्रह पेटला तेव्हा एका सकाळी तो कचेरीसमोर तिरंगा घेऊन उभा राहिला, घोषणा दिल्या आणि पकडला गेला. दोन वर्षांची सजा झाली. मिस्त्रींनी बातमी ऐकली तेव्हा ते एका हौदाला नववं पाणी देत होते. ते म्हणाले, "घाई केली पोरानं," आणि पाणी पुरं भरूनच घरी आले. मला त्यांचा राग आला होता. घरी येऊन ते दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत, हे मला काकूंकडून कळलं.

काही महिन्यांनी नागनाथबरोबर असलेला एक जण सुटून आला. तो सांगत होता, की नागनाथला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो, अंगात काही राहिलं नाही, बाहेर आला तर वाचेल. काकूंनी त्या दिवसापासून एक वेळचं जेवण सोडलं. मी अर्ज्यांवर अर्ज्या लिहिल्या. माझी उर्दू चांगली होती, अक्षर त्याहून चांगलं. एकाही अर्जीचं उत्तर आलं नाही.

अशात तहसीलदारांचा चपराशी मिस्त्रींना बोलवायला आला. सोबत मीही गेलो. साहेबांच्या दिवाणखान्यात हैदराबादहून आणलेला काचेचा हौद होता, लोखंडी चौकटीचा, दोन हात लांब. शेजारी एका डब्यात सहा लाल मासे. हे काचेच्या हौदात मासे पाळण्याचं खूळ उदगिरात कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांना हौदाच्या मागच्या अंगाला पाण्याच्या आत डोंगर हवा होता, कडे-कपारी असलेला, मासे ज्यातून आत-बाहेर करतील असा. अव्वल तालुकदार, म्हणजे आत्ताच्या भाषेत कलेक्टर, बिदरहून दौऱ्यावर येणार होते आणि त्यांना माशांचा भारी शौक होता.

"मिस्त्री, आठ दिन में पहाड होना," तहसीलदार म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "साहब खुश हुए तो इनके बच्चे की अर्जी मैं खुद उनके हाथ में देतूं." माणूस वाईट नव्हता. अर्ध्या अर्ज्या त्यांच्याच टेबलावर पडून होत्या आणि त्यांना त्याची लाज वाटत असावी.

परतताना मिस्त्री बोटांवर मोजत होते. तीन दिवस कामाला, एक दिवस सुकायला. राहिले चार. "एकवीस पाणी कुटं अन् चार पाणी कुटं," ते म्हणाले. पण नको म्हणायला ते काही मागे फिरले नाहीत.

तो डोंगर करताना मी त्यांना पाहिलं. शाळा सुटली की मी अंगणातल्या पायरीवर बसायचो. त्यांनी काचेच्या मापाची पातळ शहाबादी फरशी घेतली, तिचे तीन तुकडे केले, म्हणजे उचलून आत ठेवता येतील. त्यावर फुटक्या कौलांचे आणि विटांचे खांड बसवून कपारी काढल्या. चुन्यात विटांची भुकटी, बेलफळाचं पाणी आणि कातरलेला ताग घालून लगदा केला, आणि थर चढवत गेले. दरीतला तो कडा त्यांना खरोखरच पाठ होता. खाली काळा दगड, वर तांबूस, मध्ये पाणी झिरपून पडलेली उभी भेग. काळ्याला कोळशाची पूड, तांबड्याला काव. मासा जाईल एवढं भोक ठेवताना ते स्वतःची दोन बोटं मासोळीसारखी त्यातून घालून बघत.

दगडाचा खरखरीतपणा मात्र साधेना. नारळाचा काथ्या दाबून पाहिला, गोणपाट दाबून पाहिलं, मान हलवत राहिले. मग आत जाऊन दोरीवरचा नागनाथचा खादीचा सदरा घेऊन आले. काकू धावत बाहेर आल्या. "त्याला हात लावू नका. त्याच्या अंगाचा वास हाय त्याला." मिस्त्री म्हणाले, "त्याच्यासाठीच करून राहिलो न्हवं?" त्यांनी सदरा ओला केला, चुरगळला आणि ओल्या चुन्यावर दाबून अलगद उचलला. खाली दगड उमटला होता. हुबेहूब दगड. काकूंनी चुन्याने भरलेला सदरा उचलून विहिरीवर नेला आणि किती तरी वेळ धूत बसल्या.

चार दिवस डोंगर घंगाळात बुडवून ठेवला, दिवसातून चार-चार वेळा पाणी बदललं. पट्टी सोडली की सकाळी लालबुंद. उद्या डोंगर पोहोचता करायचा आणि आज पट्टी लाल. मिस्त्री पट्टी हातात घेऊन बसले होते. तेव्हा मी तोंड उघडलं.

"चिंच," मी म्हणालो. "चिंचेच्या कोळात बुडवून ठेवा. आंबटाने क्षार मरतो. पुस्तकात आहे."

"मला ठाऊक हाय ते, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "वरचा मरतो. पोटातला न्हाई मरत. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भाईर येतो."

"दोन दिवसच तर हवेत. साहेब परवा येणार, बघणार, अर्जी हातात पडणार. नंतर मासे काढून घेऊ, काय एकवीस पाणी द्यायचे ते द्या. तुमचा नियम मोठा की नागनाथ?"

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तेवीस वर्षांच्या माणसाला असली वाक्यं फार सुचतात. काकूंनी घरातली सगळी चिंच काढून आणली, शेजारच्या दोन घरांतून मागून आणली आणि कोळून ठेवली. रात्रभर डोंगर त्यात बुडून होता. सकाळी स्वच्छ पाण्यात पट्टी सोडली, दुपारपर्यंत ठेवली. पिवळी ती पिवळीच. मी टाळी वाजवली. मिस्त्रींनी पट्टी पिळून दोरीवर टाकली, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी डोंगर काचेत बसला, पाणी चढलं, सहा मासे सोडले. तहसीलदार काचेपाशी वाकून बसले. खिडकीतलं उन्ह पाण्यातून त्या कड्यावर पडत होतं, भेगेतून पाणी खरंच झिरपतंय असं वाटत होतं आणि मासे कपारीत शिरून पलीकडे निघत होते. कचेरीतले कारकून रांग लावून बघायला आले. "वा मिस्त्री, पूरा किले का दर्रा ला के रखे," तहसीलदार म्हणाले. त्या संध्याकाळी परत येताना मिस्त्री रस्त्यात दोनदा हसले. नागनाथ पकडला गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तार आली. रेल्वेच्या वाटेवर काही गडबड झाली होती, अव्वल तालुकदार पाच दिवसांनी येणार होते.

मिस्त्री अनवाणी धावत तहसीलदारांच्या बंगल्यावर गेले. मासे तेवढे घंगाळात काढून ठेवू द्या, साहेब आले की पुन्हा सोडतो, असं विनवलं. पण गावातली बडी मंडळी रोज हौद बघायला येत होती आणि तहसीलदारांचा ऊर भरून आला होता. "रहने दो मिस्त्री, इतना अच्छा लग रहा," ते म्हणाले. चुना पोटात जिवंत आहे हे मिस्त्री सांगू शकले असते. सांगितलं असतं, तर घाईत काम उरकलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग अर्जीचं काय? ते परत आले. तिसऱ्या दिवशी चपराशाच्या हाती त्यांनी पट्टी पाठवली. ती लाल होऊन आली. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, त्यांच्या अंगावर सायीसारखं पांढरं धरलं. पाचव्या दिवशी सकाळी सहाही मासे पाठीवर तरंगत होते, आणि दुपारी तालुकदार साहेब आले.

तहसीलदारांनी हौदावर चादर टाकून ठेवली होती. त्यांनी मिस्त्रींना शिव्या दिल्या नाहीत. "अब मैं किस मुँह से तुम्हारे बच्चे की बात निकालूं?" एवढंच म्हणाले. डोंगराचे तीन तुकडे बैलगाडीत घालून घरी पाठवून दिले.

मिस्त्रींनी अंगणातल्या हौदात ते उतरवले आणि पहिलं पाणी भरलं. आता ते कशासाठी, असं विचारायची माझी छाती झाली नाही. रोज पाणी ओतायचे, रोज भरायचे. दहावं-अकरावं पाणी चालू असताना कचेरीतून कागद आला. उर्दूत होता, म्हणून तो वाचायचं माझ्याच वाट्याला आलं. कैदी नागनाथ वल्द बसलिंगप्पा जेलात तापाने मरण पावला होता. काकू तिथंच खाली बसल्या. मी कागद पुन्हा वाचला आणि माझं लक्ष तारखेकडे गेलं. काचेत मासे सोडले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. आम्ही चिंच कोळत होतो, तेव्हा नागनाथ गेला होता.

लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. मी जवळजवळ ओरडलोच, "मिस्त्री, ऐका, तो आधीच गेला होता! आपल्या घाईचा काही संबंध नाही!" मिस्त्रींनी माझ्या हातातून कागद घेतला, त्यांना वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट करून पाहिला, घडी घातली आणि पाणी बदलायला निघून गेले. एकविसाव्या पाण्याला पट्टी पिवळी राहिली. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. दोरीवर वाळत होती म्हणून मला दिसली.

पुढे पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी गेली, ज्या कचेरीसमोर नागनाथ उभा राहिला होता तिच्यावर तिरंगा चढला. हुतात्म्याचे वडील म्हणून मिस्त्रींना व्यासपीठावर बसवलं, हार घातला, दोन शब्द बोला म्हणाले. मिस्त्री उभे राहिले. "माजं पोरगं माज्या घाईनं गेलं," ते म्हणाले. "एकवीस पाणी द्यायचे व्हते, मी न्हाई दिले." लोकांना काहीच कळलं नाही. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि वेळ मारून नेली.

मग ते त्यांचं नेहमीचंच झालं. हौद बांधून घेणाऱ्याला, देवळातल्या भटजीला, स्टेशनवरच्या अनोळखी माणसाला ते तेच सांगत. मी दर वेळी मध्ये तोंड घालून तारीख सांगायचो. लोक माझं ऐकून माना डोलवायचे, मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. माझी नांदेडला बदली झाली तेव्हा सुटलो असं वाटलं, हे खरं आहे.

सात-आठ वर्षांनी शाळेच्या कामासाठी उदगीरला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. काकू गेल्या होत्या. मिस्त्रींना दिसायचं कमी झालं होतं, गवंडीकाम सुटलं होतं, तरी बोट पिवळंच होतं. अंगणातल्या हौदात तो डोंगर होता, आणि पाणी ताजं होतं. वाकून पाहिलं तर कड्याच्या वरच्या अंगाला, तांबड्यात, खादीची वीण अजून दिसत होती, आणि एका जागी काजाची फट. मी विचारलं, "मिस्त्री, अजून पाणी बदलता? चुना मरून किती वर्षं झाली."

"सवय लागली," ते म्हणाले. तेवढ्यात शेजारची एक नवी सून पाणी मागायला आली आणि त्यांनी तिलाही सुरुवात केली, "माज्या घाईनं पोरगं गेलं बाई..." माझा तोल गेला. ती बाई गेल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. म्हातारा माणूस, आंधळा होत आलेला, तरी ओरडलो. "किती वेळा सांगायचं तुम्हाला? तो आधीच गेला होता! तुमची काही चूक नव्हती! कागदावर तारीख आहे!"

मिस्त्रींनी माझा हात चाचपून धरला.

"मला ठाऊक हाय, मास्तर," ते म्हणाले. "तुमी वाचलं तवाच समजलं. मी येडा न्हाई."

"मग कामून असं बोलता?" घाईत माझ्या तोंडून त्यांचीच भाषा आली.

"चूक माजी न्हाई म्हटलं, तर माज्या हातात काई न्हवतंच, असं व्हतंय की हो. एकवीस पाणी दिले असते तरी त्यो मेलाच असता. चांगला डोंगर केला असता तरी मेलाच असता. बाप म्हून मी काईच करू शकलो न्हाई, असं व्हतंय." त्यांनी माझा हात सोडला. "त्याच्यापरीस मी चुकलो हे बरं हाय, मास्तर. तेवढं राहू द्या माज्याकडं."

मी त्यांना पाणी बदलायला मदत केली आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो. पुढच्या वर्षी ते गेल्याचं पत्र आलं.

त्यानंतर मी त्यांची गोष्ट पुष्कळांना सांगितली. तारखेचं कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदाच लिहिलं. चिंचेची कल्पना माझी होती, एवढं मात्र दर वेळी सांगतो.